केंड मासा, विंचू आणि सोडियमचा दरवाजा

सप्टेंबर १७७४. कॅप्टन जेम्स कुक यांचे ‘रिझोल्यूशन’ हे जहाज दक्षिण पॅसिफिकमधील न्यू कॅलेडोनिया बेटाजवळ नांगरून उभे होते. जहाजावरील कारकुनाने एका बेटवासीयाकडून एक अनोळखी मासा विकत घेतला. जहाजावर योहान फोर्स्टर आणि त्यांचा मुलगा गेओर्ग असे दोन निसर्गशास्त्रज्ञ होते. नवा मासा म्हटल्यावर त्याचे वर्णन लिहून घेणे, चित्र काढणे आले. या कामात इतका वेळ गेला की मासा शिजवायला उशीर झाला, आणि रात्रीच्या जेवणात त्याचे फक्त यकृत आणि गाबोळी आली. कुक आणि फोर्स्टर पितापुत्रांनी ती नुसती चाखली.

पहाटे तीनच्या सुमारास तिघांनाही विलक्षण अशक्तपणा जाणवू लागला. हातपाय बधिर झाले. कुक यांनी रोजनिशीत जे लिहून ठेवले आहे ते एखाद्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला शोभेल असे आहे. त्यांची स्पर्शाची जाणीव जवळजवळ गेली होती, हलके काय आणि जड काय हे कळेनासे झाले होते. पाण्याने भरलेले भांडे आणि पीस दोन्ही हातात सारखीच वाटत होती. ओकारी आणि घाम यांसाठी औषधे घेतल्यावर त्यांना उतार पडला. माशाची आतडी ज्या डुकराने खाल्ली होती ते सकाळी मेलेले आढळले.

वर्णनावरून हा मासा केंड माशाच्या कुळातला होता याविषयी आज कोणाला शंका नाही. डिवचले की पोट फुगवून चेंडूसारखा होणारा केंड आपल्या किनाऱ्यावरही जाळ्यात सापडतो आणि कोळी मंडळी तो फेकून देतात. गंमत अशी, की या माशात विष सर्वाधिक असते ते यकृतात आणि गाबोळीतच. नेमक्या त्याच दोन गोष्टी कुक यांच्या ताटात आल्या होत्या. त्यांनी पोटभर खाल्ले असते तर त्यांचा प्रवास तिथेच संपला असता.

आम्ही ही गोष्ट सांगितली ती साहसकथा म्हणून नव्हे. कुक यांच्या बोटांतून स्पर्श का गेला, या प्रश्नाचे उत्तर मिळायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लागली. आणि ते उत्तर शोधताना शास्त्रज्ञांच्या हाती त्याहून मोठी गोष्ट लागली. आपल्या चेतापेशी एकमेकींना संदेश कशा पाठवतात, त्या संदेशाला वाट करून देणारे दरवाजे कुठे आहेत, किती आहेत आणि कसे उघडतात, हे प्रामुख्याने विषांच्या मदतीने समजले. शाळेच्या पुस्तकात चेतापेशीची आकृती असते, संदेश ‘विद्युत्‌ स्वरूपात’ जातो असे एक वाक्य असते. त्या एका वाक्यामागचा हा इतिहास आहे.

जपानमध्ये हाच मासा ‘फुगू’ या नावाने चवीने खाल्ला जातो आणि त्याच्या विषाने माणसे मरत आली आहेत. त्यामुळे या विषाचा शास्त्रशुद्ध अभ्यासही तिथेच सुरू झाला. १९०९ मध्ये योशिझुमी ताहारा यांनी केंडाच्या गाबोळीतून काढलेल्या विषारी अर्काला ‘टेट्रोडोटॉक्सिन’ असे नाव दिले. केंडाच्या कुळाचे शास्त्रीय नाव ‘चार दात असलेला’ या अर्थाचे आहे, त्यावरून हे नाव आले. ताहारांच्या अर्कात खरे विष अगदी थोडे होते, बाकी सारा गाळ. शुद्ध स्फटिक मिळायला १९५० साल उजाडले. तोवर विज्ञानाच्या दुसऱ्या एका कोपऱ्यात, इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत, वेगळेच काम चालू होते.

माकूल, म्हणजे बाजारात ज्याला स्क्विड म्हणतात तो प्राणी, संकट आले की पाण्याची चूळ मागे फेकून पळतो. ही क्रिया क्षणात घडवून आणण्यासाठी त्याच्या शरीरात प्रचंड जाडीचे अक्षतंतू असतात. प्रचंड म्हणजे किती? अर्धा ते एक मिलिमीटर. आपल्या शरीरातील बहुतेक तंतूंच्या मानाने हा म्हणजे पाण्याचा नळच. त्यात बारीक तार आत सरकवता येते. १९३९ मध्ये अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी नेमके हेच केले आणि संदेश जात असताना तंतूच्या आतला विभव मोजला. विश्रांतीच्या स्थितीत आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते. संदेश येतो तेव्हा हा फरक नुसता शून्य होत असेल, असा तोपर्यंतचा समज होता. प्रत्यक्षात आतली बाजू शून्य ओलांडून चक्क धन झाली. पटल नुसते सैल पडत असते तर असे झाले नसते. कोणता तरी धनभारित आयन मुद्दाम आत शिरत होता.

तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले. दोघेही युद्धकार्यात गेले. युद्धानंतर १९४९ मध्ये हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी दाखवले की बाहेरच्या द्रवातील सोडियम कमी केले तर संदेशाची उंचीही कमी होते. म्हणजे आत शिरणारा आयन सोडियमचा. मग १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांचे ते प्रसिद्ध निबंध आले. पटलावरील विभव इलेक्ट्रॉनिक साधनाने हव्या त्या पातळीवर धरून ठेवायचा आणि तेवढा वेळ किती विद्युत्‌प्रवाह वाहतो ते मोजायचे, अशी त्यांची रीत होती. तिला ‘व्होल्टेज क्लॅम्प’ म्हणतात. या रीतीने दिसले की विभव वाढवल्याबरोबर आधी सोडियमचा प्रवाह आत येतो. एक-दोन मिलिसेकंदांत तो आपोआप थांबतो. आणि मागोमाग पोटॅशियमचा प्रवाह बाहेर जाऊ लागतो. या मोजमापांवरून त्यांनी समीकरणे मांडली आणि त्यांतून संदेशाचा आलेख गणिताने काढून दाखवला. केंब्रिजचा संगणक त्या वेळी बंद होता. हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर काही आठवडे दांडा फिरवून हे उत्तर काढले! १९६३ मध्ये या दोघांना जॉन एकल्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

इथवरची गोष्ट अनेक पाठ्यपुस्तकांत असते. तिच्यात एक उणीव राहिली होती, आणि ती हॉजकिन-हक्सली यांना स्वतःला चांगली माहीत होती. सोडियम पटलातून जातो हे खरे, पण कशातून? एखादे छिद्र आहे, की नावाड्यासारखा एखादा रेणू आयनाला या तीरावरून त्या तीरावर नेऊन सोडतो? सोडियमचा मार्ग आणि पोटॅशियमचा मार्ग वेगवेगळे, की एकच मार्ग आधी सोडियमला वाट देतो आणि मग पोटॅशियमला? समीकरणे या दोन्हींशी जुळत होती. समीकरण बरोबर असणे आणि वस्तू हाती लागणे यांत अंतर असते. हे अंतर केंड माशाने भरून काढले.

तोशिओ नाराहाशी टोकियो विद्यापीठात कृषी विभागात काम करत होते. त्यांचा विषय कीटकनाशके. डीडीटीने झुरळाच्या चेतातंतूवर काय होते हे ते पाहत. युद्धानंतरच्या जपानमध्ये साधनांचा तुटवडा होता, पण झुरळांचा नव्हता. १९६० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या स्नायूवर टेट्रोडोटॉक्सिन वापरून पाहिले. संदेश बंद पडला. यात नवल नव्हते, कोकेन-प्रोकेनसारख्या बधिर करणाऱ्या द्रव्यांनीही तो बंद पडतो. नवल दुसरेच होते. स्नायूपेशीचा विश्रांतीचा विभव जसाच्या तसा राहिला होता, आणि पोटॅशियमशी निगडित गुणधर्मांनाही धक्का लागलेला नव्हता. हे विष फक्त सोडियमची वाट अडवत असावे, असा नाराहाशी यांना संशय आला. संशय खरा की खोटा हे ठरवायला व्होल्टेज क्लॅम्प हवा होता, आणि ते साधन त्यांच्याजवळ नव्हते.

पुढे नाराहाशी अमेरिकेत गेले. ड्यूक विद्यापीठात जॉन मूर यांच्याकडे क्लॅम्पची चांगली जुळणी होती. १९६२ च्या अखेरीस नाराहाशी, मूर आणि विल्यम स्कॉट हा वैद्यकाचा विद्यार्थी अशा तिघांनी शेवंडाच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग केला. एक लिटर द्रवात मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा विष, इतके विरळ द्रावण. निकाल स्वच्छ होता. आत येणारा सोडियमचा प्रवाह पूर्ण बंद. मागून बाहेर जाणारा पोटॅशियमचा प्रवाह जवळजवळ जशाचा तसा. १९६४ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

आमच्या मते चेताविज्ञानाच्या इतिहासात या प्रयोगाला मिळायला हवे तेवढे श्रेय अजून मिळालेले नाही. एका विषाने एक प्रवाह बंद पडतो आणि दुसरा चालू राहतो, तर ते दोन्ही एकाच वाटेने जात असणे अवघड आहे. थोड्याच वर्षांत पोटॅशियमची वाट अडवणारे टेट्राएथिल अमोनियम हे द्रव्यही उपयोगात आले, आणि मग दोन द्रव्यांनी दोन प्रवाह हवे तसे बंद करता येऊ लागले. तोवर ‘सोडियमचा मार्ग’ ही बोलण्याची सोय होती. आता ती वस्तू झाली. इंग्रजीत तिला ‘चॅनेल’ म्हणतात. आम्ही या लेखात ‘मार्गिका’ म्हणू.

१९६४ हे साल आणखी एका कारणाने लक्षात राहण्यासारखे आहे. त्या वर्षी क्योटो येथे भरलेल्या परिषदेत टोकियोचे त्सुदा, नागोयाचे हिराता-गोतो आणि हार्वर्डचे वुडवर्ड यांच्या गटांनी स्वतंत्रपणे काम करून टेट्रोडोटॉक्सिनची एकच रचना सांगितली. स्टॅनफर्डचे मोशर तर केंडाच्या वाटेला गेलेच नव्हते. कॅलिफोर्नियातील एका न्यूटच्या, म्हणजे शेपटी असलेल्या उभयचर प्राण्याच्या, अंड्यांतील विषावर त्यांचे काम चालले होते. त्यांची रचनाही तीच निघाली! मासा आणि उभयचर, दोघांचे विष एकच कसे, हे कोडे बरीच वर्षे छळत राहिले. केंड हे विष स्वतः तयार करत नाही. ते काही सागरी जीवाणूंत तयार होते आणि अन्नसाखळीतून माशापर्यंत पोचते. विषमुक्त खाद्यावर वाढवलेले केंड बिनविषारी निघतात.

विष मार्गिकेला चिकटते, हे कळल्यावर एक साधा, हिशेबी विचार पुढे आला. एका मार्गिकेला एक रेणू चिकटत असेल, तर किती रेणू चिकटले हे मोजले की मार्गिका किती ते कळेल. १९६७ मध्ये मूर, नाराहाशी आणि शॉ यांनी शेवंडाच्या पायातील चेतातंतूंची जुडी विषाच्या थोड्याशा द्रावणात भिजवली आणि द्रावणातून किती विष नाहीसे झाले ते मोजले. हिशेब आला तो असा: एक चौरस मायक्रोमीटर पटलावर फार तर १३ मार्गिका. (वर्गात करण्यासारखे गणित: मार्गिकेची रुंदी १० नॅनोमीटर धरून तिला अडीच सेंटिमीटरचे नाणे समजा. मग शेजारच्या दोन नाण्यांतील अंतर सुमारे ७० सेंटिमीटर येईल.) माकुलाच्या अक्षतंतूत ही संख्या पुढे बरीच मोठी, शेकडोंत भरली. तरीही एवढ्या विरळ मार्गिकांमधून इतका सोडियम जायचा तर प्रत्येकीतून हजारो आयन एका मिलिसेकंदात गेले पाहिजेत. नावाड्याला इतक्या फेऱ्या मारणे शक्य नाही. छिद्रच हवे. १९८० मध्ये सिगवर्थ आणि नेहर यांनी एकेका मार्गिकेचा प्रवाह प्रत्यक्ष मोजला. तो मिलिसेकंदाला सुमारे दहा हजार आयन इतका निघाला.

छिद्र केवढे, हे बर्टिल हिले यांनी १९७१ च्या सुमारास वेगळ्या पद्धतीने काढले. सोडियमऐवजी निरनिराळ्या आकाराचे आयन देऊन कोणते आत जातात आणि कोणते अडतात ते त्यांनी पाहिले. चाळणीची भोके मोजण्याची आपल्या घरातलीच ही रीत. हायड्रॉक्सिलअमाइन, हायड्राझिन आणि ग्वानिडिनियम आत जात होते. मेथिलअमोनियम अडत होते. छिद्र सुमारे ०.३ बाय ०.५ नॅनोमीटर असावे, असे त्यांनी ठरवले. यातल्या ग्वानिडिनियमकडे लक्ष द्या. टेट्रोडोटॉक्सिनच्या एका टोकाला ग्वानिडिनियम गटच असतो, आणि शिंपल्यांतून येणाऱ्या सॅक्सिटॉक्सिन या विषातही तो असतो. त्यामुळे काओ आणि निशियामा यांनी १९६५ मध्ये मांडलेली आणि हिले यांनी पुढे नेलेली कल्पना अशी होती की विषाचे हे डोके सोडियम समजून छिद्रात शिरते, आणि मागचे अवजड धड बाहेर अडकते. बाटलीला बूच बसावे तसे.

बूच कोणत्या बाजूने बसते? माकुलाच्या तंतूतील गर पिळून काढून आतून द्रव वाहता ठेवता येतो. १९६६ मध्ये नाराहाशी आणि सहकाऱ्यांनी विष आतल्या बाजूने दिले. काहीही झाले नाही. बाहेरून दिले की लगेच परिणाम. उलट १९७३ मध्ये आर्मस्ट्राँग, बेझानिला आणि रोहास यांनी प्रथिने कुरतडणारे प्रोनेज हे विकर आतून दिले, तेव्हा मार्गिका उघडत राहिली पण आपोआप बंद होणे थांबले. म्हणजे आयन निवडणारे मुख बाहेरच्या अंगाला आणि उघडल्यावर मिटणारे झाकण आतल्या अंगाला. मार्गिका कोणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, तरी तिचा नकाशा असा कडेकडेने भरत चालला होता.

मार्गिकेचे काम बिघडवण्याचा दुसराही मार्ग आहे. मुख बंद न करता झाकण मिटू द्यायचे नाही. निसर्गातील बहुसंख्य सोडियम-विषे याच दुसऱ्या प्रकारची आहेत. कोलंबियातील एम्बेरा लोक फुंकनळीचे बाण एका पिवळ्या बेडकाच्या पाठीवर घासतात. त्यातील बॅट्राकोटॉक्सिन हे विष जॉन डॅली, विटकॉप आणि टोकुयामा यांनी हजारो बेडकांपासून मिळवलेल्या काही मिलिग्रॅमवरून ओळखले. त्याने मार्गिका उघडीच राहते. हा बेडूकही केंडासारखाच उसनवारीवर जगतो. बंदिवासात जन्मलेल्या पिलांत विष नसते. १९९२ मध्ये न्यू गिनीतील पिटोहुई पक्ष्याच्या पिसांत याच जातीचे विष सापडले तेव्हा बऱ्याच जणांचा प्रथम विश्वास बसला नाही.

आपल्याकडचे उदाहरण बचनागाचे. हिमालयात होणाऱ्या या वनस्पतीच्या मुळीतील अ‍ॅकोनिटिन मार्गिकेला उघडी ठेवते. हृदयाची लय बिघडून माणूस दगावतो. हीच मुळी वत्सनाभ या नावाने त्रिभुवनकीर्तीसारख्या आयुर्वेदीय कल्पांत पडते, पण शोधन केल्यावरच. गोमूत्रात भिजवणे, शिजवणे या क्रियांनी अ‍ॅकोनिटिनचे विघटन होऊन पुष्कळ कमी विषारी द्रव्ये बनतात. शोधन नीट न झालेली मुळी पोटात गेली तर मात्र विज्ञान आणि परंपरा दोन्ही हात टेकतात. दुसरे उदाहरण रोजच्या वापरातले. डास मारणाऱ्या अगरबत्तीतील द्रव्ये शेवंतीच्या एका भाईबंदाच्या फुलांतील पायरेथ्रिनांवरून बेतलेली असतात. डासाच्या सोडियम मार्गिका वेळेवर मिटेनाशा होतात आणि त्याला झटके येऊन तो पडतो. डीडीटीही याच जागी काम करते. म्हणून डीडीटीला दाद न देणाऱ्या माश्या पुष्कळदा पायरेथ्रिनांनाही दाद देत नाहीत. मार्गिकेतील एकच अमिनो आम्ल बदललेले असते.

आता विंचवाकडे वळू. विंचवाची विषे छोटी प्रथिने असतात. त्यांतील एक मोठा गट मार्गिकेला बाहेरून चिकटतो आणि झाकण मिटायला उशीर लावतो. ही पकड घट्ट आणि नेमकी असते. १९८० मध्ये विल्यम कॅटरल यांच्या प्रयोगशाळेत या पकडीचा गळासारखा उपयोग करण्यात आला. विंचवाच्या विषाला प्रकाश पडताच शेजारच्या रेणूशी कायमचा बंध जोडणारा गट लावला. विष मार्गिकेला चिकटू दिले. आणि प्रकाश टाकला. विषासोबत जे प्रथिन ओढले गेले तेच मार्गिका. त्याआधी १९७८ मध्ये अ‍ॅग्न्यू आणि रॅफ्टरी यांच्या गटाने दक्षिण अमेरिकेतील विद्युत्‌ ईलपासून टेट्रोडोटॉक्सिन पकडणारे प्रथिन वेगळे केले होते. त्याचा रेणुभार सुमारे २,६०,००० होता. दोन वेगळ्या विषांचे गळ, आणि दोन्हींना अडकलेला मासा एकच.

प्रथिन हाती आल्यावर पुढचे वेगाने झाले. १९८४ मध्ये क्योटोच्या शोसाकु नुमा यांच्या गटाने ईलच्या मार्गिकेतील अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला: १,८२० मणी एका माळेत. माळेत एकमेकांसारखे चार भाग होते आणि ते वर्तुळाकार उभे राहून मधोमध छिद्र तयार होते. १९८९ मध्ये याच गटाने छिद्राच्या मुखाजवळील एकच ग्लुटामिक आम्ल बदलले, आणि मार्गिका टेट्रोडोटॉक्सिनला दाद देईनाशी झाली. मग केंड स्वतः आपल्या विषाने का मरत नाही, याचेही उत्तर मिळाले. त्याच्या मार्गिकांच्या मुखाशीही अमिनो आम्ले बदललेली असतात. विषारी न्यूट खाणाऱ्या अमेरिकेतील गार्टर सापांनीही तोच उपाय स्वतंत्रपणे साधला आहे.

आपल्या हृदयातील मार्गिकेच्या मुखाशी नेहमीच्या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन असते. त्यामुळे चेतातंतू आणि हातापायांचे स्नायू बंद पाडणारे टेट्रोडोटॉक्सिन हृदयाला मात्र सहजी बंद पाडू शकत नाही. फुगू खाऊन माणूस मरतो तो श्वसनाचे स्नायू लुळे पडून. कृत्रिम श्वासोच्छ्वास देत राहिले तर विष उतरेपर्यंत तो तगू शकतो. आमच्या प्रयोगशाळेत टेट्रोडोटॉक्सिनची एक मिलिग्रॅमची कुपी कुलपात असते. तिची नोंदवही दाखवताना नव्या विद्यार्थ्यांना आम्ही सिस्टीनची ही गोष्ट आवर्जून सांगतो, कारण माणसाला मारायला एक-दोन मिलिग्रॅम पुरतात आणि या विषावर उतारा नाही.

मार्गिकेचे चित्र अखेर २०१७-१८ मध्ये गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने मिळाले. चीनमधील निएंग यान यांच्या गटाने २०१८ मध्ये मार्गिकेच्या मुखात अडकलेला टेट्रोडोटॉक्सिनचा रेणू दाखवला. बुचाची कल्पना बरीचशी बरोबर निघाली. फक्त डोके गाळणीत खोल घुसलेले नाही, तोंडाशीच असलेल्या ऋणभारित अमिनो आम्लांनी ते पकडून ठेवले आहे. ज्या मार्गिकेचे हे चित्र होते ती झुरळाची होती. नाराहाशी २०१३ मध्ये गेले. हे चित्र पाहून ते खूश झाले असते.

या साऱ्या इतिहासाच्या बरोबरीने आपल्याकडे, रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात, दुसरा एक इतिहास घडत होता. कोकणातील लाल विंचू फार विषारी. याच्या विषाने झाकणे उशिरा मिटू लागतात, स्वायत्त चेतातंतू एकाऐवजी संदेशांचा भडिमार करतात, आणि रक्तात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रोग्याला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय थंड पडतात, रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढतो. हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. मरणाऱ्यांत मुले पुष्कळ असत. १९७६ पासून या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या खाटेशी बसून ही लक्षणे क्रमाने टिपली. १९८२ मध्ये त्यांचा निबंध ‘लान्सेट’मध्ये आला.

उपाय कोठे करायचा? मार्गिकेवरील विष काढून टाकणारे औषध त्या वेळी हाताशी नव्हते. बावस्करांनी विचार पुढच्या पायरीचा केला. अनर्थ करतो तो अ‍ॅड्रेनॅलिनचा पूर. मग तो रक्तवाहिन्यांवर ज्या ठिकाणी काम करतो ती ठिकाणेच अडवायची. हे करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध बाजारात होते, स्वस्त होते, गोळीच्या रूपात होते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण शेकडा एक ते चारवर आले. मार्गिकेला हातही न लावता मार्गिकेच्या विषावर मात करण्याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. आणि हे वातानुकूलित प्रयोगशाळेत घडले नाही, हेही नोंदवायला हवे.

पुढे मुंबईच्या हाफकिनमध्ये लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार होऊ लागले. ते थेट विषालाच गाठते. तेव्हा प्राझोसिन पुरे, की सोबत प्रतिविषही हवे? महाडमध्येच याची रीतसर चाचणी झाली. एका गटातील ३५ रुग्णांना नुसते प्राझोसिन, दुसऱ्या गटातील ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. दहा तासांनंतर पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८ होते, दुसऱ्यात ३२.

कोकणातील आणि घाटमाथ्यावरील शाळांत शिकवणाऱ्यांसाठी एक सूचना. मुलाला विंचू चावला आणि त्याला घाम, उलटी, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले, तर मंत्र, पाला किंवा ‘उतरेल थोड्या वेळाने’ यांत वेळ घालवू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात न्या.